पट्टी माझी, मशीन माझी नाही

एका लेथ मशीनच्या चोरीचा तपास माझ्या डोक्यातून अजून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता कागद पुढे धरल्याशिवाय आठवत नाहीत. हा मात्र बारीकसारीक गोष्टींसह आठवतो. मी त्यात काही फार मोठी हुशारी दाखवली होती असं कुणी समजू नये. हुशारी दुसऱ्यांची होती आणि चूक माझी होती. माणसं अजून त्याच गावात राहतात, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही. ठाण्याचंही नाही.

तेव्हा मी वरोऱ्याहून चंद्रपूरकडे येणाऱ्या पट्ट्यात एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. गावात कापूस-सोयाबीनचा बाजार, रस्त्यावर दिवसभर कोळशाचे ट्रक. बाजाराच्या रस्त्याला टिनाची एक शेड होती आणि तिच्यात एक म्हातारे मुसलमान मिस्त्री लेथ चालवत. खरादकाम, म्हणजे लोखंड कातायचं काम, त्यांच्या घरात वडिलांपासून. आजूबाजूच्या पन्नास गावांत थ्रेशरचा शाफ्ट तुटला, भातगिरणीची पुली झिजली की लोक त्यांच्याकडे येत. गाव त्यांना चाचा म्हणे. मशीन विलायती होती. जुनी जिनिंग फॅक्टरी बंद पडली तेव्हा त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. तिच्यावर कंपनीची पितळी पट्टी होती आणि पट्टीवर नंबर.

चाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला गेले आणि तिथंच मुलीकडे दहा दिवस राहिले. परत येऊन शेड उघडली तर आत जमिनीतून वर आलेले चार बोल्ट तेवढे उभे होते. दीड टनाची मशीन गायब.

आता अशी मशीन कुणी खिशात घालून नेत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की चोर भर दुपारी बारा वाजता हायड्रा क्रेन घेऊन आले होते. मशीन दुरुस्तीला चालली, असं त्यांनी सांगितलं. रस्त्यावरच्या लोकांनी आपल्या मोटारसायकली बाजूला घेऊन क्रेनला जागा करून दिली. दोघांनी साखळी बांधायला हात लावला. एकाने तर "जरा सांभाळून, चाचाची जान आहे ते" असं चोरांना बजावलं. चोऱ्या अंधारात होतात हा लोकांचा गैरसमज आहे. माणूस घाबरत घाबरत आला तर त्याला दहा जण हटकतात. हुकूम सोडत आला तर दहा जण मदत करतात.

फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला, घटनास्थळाचा पंचनामा केला. कुलूप तुटलेलं नव्हतं. शेजारी मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्या दुकानदाराने जबाब दिला की शेड त्या दिवशी आधीच उघडी होती, त्याला वाटलं चाचाच आले असतील. म्हणजे कुणीतरी किल्लीने उघडली. किल्ली आणखी कुणाकडे असायची, असं मी चाचांना विचारलं. त्यांनी आपल्या जुन्या कारागिराचं नाव सांगितलं.

हा कारागीर मूलकडच्या एका धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. चाचांच्या हाताखाली वीस वर्षं काढली होती. चार महिन्यांपूर्वी भांडून गेला होता आणि चंद्रपूरला एका ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये लागला होता. बायको आणि घर इथंच. भांडणाचं कारण विचारलं तर चाचा म्हणाले, ही जुनी मशीन विका आणि नवी घ्या, असा त्याचा हट्ट होता. माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. पोलिसाच्या डोक्यातला दिवा असा चटकन पेटला की त्याने जरा थांबावं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी खबर आली. चंद्रपूरच्या एका भंगारवाल्याने आमच्या हवालदाराला सांगितलं की औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे नवीनच एक विलायती लेथ आली आहे, पितळी पट्टीची. आम्ही गेलो. पट्टीवरचा नंबर चाचांनी फिर्यादीत दिलेल्या नंबराशी अंकाअंकाने जुळला. फॅब्रिकेशनवाल्याने जुन्या मशिनींच्या एका दलालाचं नाव घेतलं. दलाल गोड बोलणारा, पांढऱ्या कपड्यातला. त्याने काही आढेवेढे न घेता सांगितलं की मशीन त्याला त्या कारागिराने विकली, मालकाने विकायला दिली आहे असं सांगून. एवढं सरळ बोलणारा माणूस मला साक्षीदार म्हणून फार आवडला.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी कारागिराला त्याच्या घरातून उचललं. भाजीच्या दुकानांमधून त्याला दोन शिपायांनी धरून जीपपर्यंत आणलं. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आणि बघत राहिली. न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. ठेकेदारालाही मी फोन करून कळवलं. त्याने दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी माणूस घेतला.

कोठडीत तो एकच सांगत राहिला की त्याने मशीन विकली नाही, दलालाला तो फक्त तोंडओळखीने ओळखतो, किल्ली त्याने काम सोडलं तेव्हाच चाचांच्या घरी देऊन टाकली. हे सगळे आरोपी सांगतात. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो भिंतीकडे पाहत बसला.

हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. फिर्यादीकडून मुद्देमालाची ओळख पटवून घ्यायची की दोषारोपपत्र तयार. दोन पंच घेतले, चाचांना जीपमध्ये बसवलं आणि चंद्रपूरच्या त्या शेडमध्ये नेलं. एका डोळ्यावर अजून हिरवा पडदा होता. ते मशीनजवळ गेले, पट्टीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मी ठाण्याच्या रायटरला लिहायला सांगितलं. पण चाचा थांबले नाहीत. त्यांनी चप्पल काढली, मशीनच्या लांब बेडवर, म्हणजे टूल ज्यावरून सरकतं त्या लोखंडी पाठीवर, तळहात ठेवला आणि लोखंड पकडणाऱ्या चकापासून शेवटपर्यंत हळूहळू ओढत नेला. परत आणला. एक हँडल थोडं फिरवलं, उलटं फिरवलं.

"साहेब," ते म्हणाले, "पट्टी माही आहे. मशीन माही नाई."

मला वाटलं म्हातारा आपल्या जुन्या पोऱ्याला वाचवतोय. मी त्यांना बाजूला घेतलं आणि चांगलंच सुनावलं. खोटं बोलून ओळख नाकारली तर काय होतं ते सांगितलं. मशीन चांगली आहे, घेऊन जा, पोटापाण्याचं बघा, असंही म्हणालो. त्यावर ते जे बोलले ते मी कधी विसरणार नाही.

"चांगली आहे म्हणून तर सांगून राह्यलो. इचा बेड सरळ आहे. माह्या मशीनचं पोट झिजलं आहे, माह्या बापाच्या टायमापासून. चोरी त्यानं केली का नाई केली, मले माईत नाई. अल्ला जाने. पण मी हो म्हटलं तर कोण्या दुसऱ्याची मशीन माह्या घरी येईन."

नागपूरहून परत आल्यापासून नऊ दिवस त्यांच्या शेडमध्ये काम बंद होतं. आपल्यापेक्षा चांगली मशीन पोलीस हातात द्यायला तयार, कागद तयार, दोन पंच तयार. आणि हा माणूस नको म्हणतो. माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. मी विचारलं, मग ही कुणाची? चाचांनी मला मशीनच्या दुसऱ्या टोकाला नेलं. जुनी मशीन ओळखायची तर पट्टीकडे पाहायचंच नाही, असं त्यांनी मला समजावलं. पट्टी चार स्क्रूंची असते, कुणीही काढतो, कुणीही लावतो. विलायती पट्टीमुळे भाव चढतो म्हणून दलाल पट्ट्याच फिरवतात. खरा नंबर लोखंडात ठोकलेला असतो, बेडच्या शेपटाकडच्या टोकाला. त्यांनी रॉकेलच्या फडक्याने तिथला मळ पुसला, ब्लेडने रंग खरवडला. खालून नंबर निघाला. तो पट्टीवरच्या नंबरापेक्षा वेगळा होता. मी रायटरला तो लिहून घ्यायला सांगितला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वाहनांचे चेसिस नंबर शेकड्यांनी तपासले होते, पण इथे पट्टी दिसली आणि माझं समाधान झालं होतं.

ठाण्यात परत आलो तर कोठडीतून कारागीर उठून गजांपाशी आला. दोन दिवसांत पहिल्यांदाच आपणहून बोलला. चाचांनी मशीनला हात लावून पाहिला का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. चाचा काय म्हणाले, हेही सांगितलं. तो खाली बसला आणि म्हणाला, "मंग नाईच ते. चाचाचा हात चुकत नाई. आपल्या मशीनचा पाढा आहे साहेब."

हा पाढा काय ते मी विचारून घेतलं. चाचांची मशीन सारखं चकाजवळच काम करून तिथं झिजली होती. तिच्यावर नळकांडं कातलं की ते एका टोकाला जाड उतरायचं. बेड घासून सरळ करायला मशीन नागपूरला न्यावी लागते, महिनाभर धंदा बंद. म्हणून चाचांच्या वडिलांनी कुठल्या इंचावर किती फरक पडतो ते मोजून ठेवलं, आणि काम चालू असतानाच डाव्या हाताने हँडल केसभर फिरवून तो फरक भरून काढायची सवय लावली. फरक मोजायचा इंचाच्या हजाराव्या भागात, त्याला ते थाऊ म्हणत. शेडमध्ये नवीन माणूस आला की त्याला हा पाढा तोंडपाठ करायला लागे. पाठ झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. कागदावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. कारागीर गजांमागे उभा राहून म्हणू लागला: चकापाशी तीन थाऊ, दोन इंचांवर चार, चारवर साडेचार, सहावर दोन, नऊवर एक, बारावर काही नाही. शाळेतल्या मुलासारखा थोडा झुलत होता. मी ते शब्द दोन पंचांसमोर लिहून घेतले, पाकिटात घालून लाखेचं सील केलं. दुसऱ्या दिवशी चाचांना वेगळं बोलावून तेच विचारलं, तेही सीलबंद केलं. दोघांची भेट होऊ दिली नाही.

मग दलालाला बोलावलं, या वेळी साक्षीदार म्हणून नाही. ओरडलो नाही. चहा मागवला आणि बेडवरचा नंबर पुढे ठेवला. कारागिराने विकलेली मशीन हीच ना, असं विचारलं. हो म्हणाला. चार वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, चारही वेळा हो. तोवर हवालदार पंचांसह त्याच्या घराची झडती घेऊन आला होता. फायलीत बल्लारपूरकडच्या एका बंद आरागिरणीच्या लिलावाची पावती होती आणि पावतीवर तोच बेडवरचा नंबर. मशीन त्याने स्वतः, कायदेशीर, दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. मी पावती टेबलावर ठेवली. त्याने ती उलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला काही वेगळं लिहिलेलं असेल. मग पाणी मागितलं.

पुढचं सगळं तासाभरात बाहेर आलं. चाचांची मशीन त्याला दोनदा विकत हवी होती, चाचांनी दोनदा नाही म्हटलं होतं. ऑपरेशनचं त्याला कळलं. मशीन नेली, पट्टी काढून आरागिरणीच्या मशीनवर लावली, कारण विलायती नावाला गिऱ्हाईक लवकर मिळतं. चाचांच्या मशीनचा बेडवरचा नंबर ग्राइंडरने उडवला, हिरवा रंग मारला आणि ती जवळजवळ नवी म्हणून लांब, एटापल्लीला, एका ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याला दिली. किल्ली कुठून आणली, असं विचारलं तर त्याने मोटर रिवाइंडिंगवाल्याचं नाव घेतलं.

चाचांची जादा किल्ली त्या शेजाऱ्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असे, कधी लागलीच नाही म्हणून ती चाचांच्याही आठवणीत राहिली नव्हती. दलालाने त्याला येऊन सांगितलं, चाचांनी पाठवलं आहे, आणि त्याने किल्ली काढून दिली. इतकंच. मी त्याला ठाण्यात बोलावलं तर तो रडायलाच लागला. चाचाची शेड माझ्या हाताने उघडून दिली, हे कोणत्या तोंडाने सांगू, असं म्हणत राहिला. त्याच्या या लाजेपायी एक निर्दोष माणूस तीन दिवस कोठडीत होता. पोलिसांशी खोटं बोलणाऱ्यांमध्ये गुन्हेगार कमी असतात आणि लाजलेले जास्त, हे मला तेव्हा कळलं. त्याला मी रागावलो, पण फार नाही. माझंही तोंड कुठे उजळ होतं.

त्याच संध्याकाळी कारागिराला सोडण्याचा अहवाल न्यायालयात गेला आणि त्याला मागच्या फाटकातून बाहेर काढलं. पण अजून एक काम होतं. एटापल्लीची मशीन चाचांचीच, हे न्यायालयात टिकेल असं सिद्ध करायचं होतं. नंबर उडवलेला, रंग नवा, पट्टी दुसरीकडे. राहिला होता फक्त पाढा. त्यासाठी मशीन चालवून दाखवायला हवी होती आणि डोळ्याच्या ऑपरेशनमुळे चाचांना डॉक्टरांनी मनाई केली होती. तीन दिवसांनी मी कारागिराला विचारलं. मला विचारण्याचा काही अधिकार उरला नव्हता. चाचा येतात का, एवढंच त्याने विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो जीपपाशी उभा होता.

आलापल्लीहून पुढे सागाच्या जंगलातून रस्ता जातो. चाचा आणि तो, दोघं मागच्या सीटवर बसले होते. तीन तास एक डावीकडच्या झाडांकडे बघत होता, दुसरा उजवीकडच्या. एटापल्लीचा ट्रॅक्टरवाला सरळ माणूस निघाला. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "तरीच म्हटलं," तो म्हणाला, "आठ दिवसांपासून डोकं धरून बसलो आहो. एक जॉब सरळ येईन तर शपथ. मले वाटलं माहाच हात बिघडला."

पंच म्हणून जवळच्या आयटीआयचे एक निदेशक घेतले होते, ते आपला मायक्रोमीटर घेऊन आले. वीज यायला दीड तास वाट पाहिली. मग कारागिराने चकात फूटभर लांबीचा रॉड बांधला आणि मशीन चालू केली. टूल चकाकडे सरकू लागलं आणि त्याचा डावा हात आपोआप हँडलवर गेला.

"हात काढ," चाचा म्हणाले. "बिघडू दे."

त्याने हात काढला. दोन मिनिटांत पुन्हा गेला. वीस वर्षांची सवय. शेवटी त्याने डावा हात पाठीमागे नेला आणि शर्टाचं टोक मुठीत धरून उभा राहिला. चांगल्या कारागिराला मुद्दाम खराब काम करताना किती त्रास होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याचं तोंड कडू झालं होतं.

रॉड थंड झाल्यावर निदेशकांनी इंचाइंचावर मोजला आणि आकडे मोठ्याने सांगितले. रायटरने लिहिले. मग मी दोन्ही पाकिटांची सीलं पंचांसमोर फोडली. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चौथ्या इंचावर अर्ध्या थाऊचा फरक होता, बाकी सगळं जुळलं. निदेशकांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले की त्यांना मुलांना शिकवून बावीस वर्षं झाली, पण मशीन इतकी ओळखणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. चाचा त्या हिरव्या रंगाकडे बघून नाक मुरडत होते. कारागिराने रॉड उचलला आणि निमूटपणे त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, मग तीच बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत.

न्यायालयाने पुढे मशीन सुपूर्दनाम्यावर चाचांना दिली. दलालाला शिक्षा झाली. तपासाबद्दल मला वरिष्ठांकडून शाबासकीचं पत्र आलं. ते मी घरी कुणाला दाखवलं नाही. ज्या माणसाने पुढे आलेली चांगली मशीन नाकारली, त्याच्यामुळे ही केस सुटली. हो म्हणाला असता तर कागद सगळे बरोबर होते, दोषारोपपत्र गेलं असतं आणि एक माणूस तुरुंगात गेला असता. मला त्यात काही चूक दिसलीही नसती. प्रामाणिकपणा बऱ्याच जणांकडे असतो, पण आपल्या कामाचं इतकं पक्कं ज्ञान असल्याशिवाय तो वेळेवर कामी येत नाही. चाचांकडे दोन्ही होतं. मी पुढे ज्या ज्या नव्या फौजदाराला शिकवलं त्याला पहिल्यांदा या माणसाची गोष्ट सांगितली.

एटापल्लीहून परतताना गावाच्या नाक्यावर कारागिराने जीप थांबवायला सांगितली. दुपारचे चार वाजले होते, बाजाराचा दिवस होता. नाक्यावरच उतरतो, मागच्या गल्लीने घरी जातो, असं तो म्हणाला. मी विचारलं, काऊन?

"बाजाराच्या दिवशी तुमी मले धरून नेलं, ते सगळ्याईनं पाह्यलं साहेब," तो म्हणाला. "सोडलं, ते कोणीच नाई पाह्यलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी उतरलो, चाचांना जीपने पुढे पाठवलं, डोक्यावर टोपी घातली आणि त्याच्या शेजारून चालायला लागलो. त्याच रस्त्याने, भाजीच्या दुकानांमधून. लोक थांबून पाहत होते. ओळखीचा कुणी दिसला की मी थांबायचो आणि सांगायचो, याचा काही दोष नव्हता, चोर दुसराच निघाला, चूक माझी झाली. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. सातव्या-आठव्या वेळी सोपं गेलं.

त्याच्या घरी पोचलो. बायकोने दार उघडलं. मी टोपी काढली आणि तिलाही तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि एक लोखंडी खुर्ची घेऊन आली. मला वाटलं ती दारात ठेवील. तिने ती गल्लीच्या मधोमध ठेवली, समोरच्या सगळ्या घरांना दिसेल अशी, आणि म्हणाली, "बसा साहेब. चहा होऊन राह्यला."

मी बसलो. चहा उकळायला तिने बराच वेळ घेतला. मीही उठलो नाही.